ओव्हन खोटे तापमान सांगू लागतो तेव्हा

नोव्हेंबर सरत आला की पावसाळाभर झाकून ठेवलेले ओव्हन गोव्यातल्या स्वयंपाकघरांत पुन्हा चालू होतात आणि त्यांच्याबरोबर एक जुनी तक्रारही डोके वर काढते. बात्क, म्हणजे रवा-नारळाचा गोवन केक, वरून तांबूस होते पण मध्ये ओलीच राहते, एरवी पाऊण तासात होणारा केक तास उलटला तरी सुरीला चिकटतो, किंवा नेमके उलटे घडून बिस्किटांचे तळ काळे पडतात. ओव्हनच्या पडद्यावर मात्र १८० हा आकडा निश्चिंतपणे झळकत असतो. घरात दोष आधी रव्याला, मग अंड्यांना आणि शेवटी बेकिंग पावडरला दिला जातो. ओव्हन दुकानात नेला तर ‘सेन्सर गेला’ एवढे दोन शब्द कानावर पडतात आणि त्यांचा अर्थ न कळताच पैसे मोजले जातात. कधी ते निदान बरोबर असते, कधी नसते. ते पडताळून पाहण्याचे साधन काही शे रुपयांना मिळते आणि पद्धत शाळेतल्या पदार्थविज्ञानापलीकडची नाही.

ओव्हनला तापमान कळते कसे

विहिरीचे पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारा पंप आणि टाकीतला तरंगता फुगा ही जोडी बहुतेकांच्या परिचयाची आहे. पाणी उतरले की फुगा खाली येतो आणि पंप सुरू होतो. टाकी भरली की फुगा वर जातो आणि पंप थांबतो. पंपाला स्वतःला पाण्याची पातळी दिसत नाही, तो फुग्याच्या शब्दावर चालतो. फुगा वरच अडकला तर टाकी अर्धी असूनही पंप चालणार नाही, आणि तो खालीच अडकला तर पाणी गच्चीवरून वाहू लागेल. ओव्हनमध्ये पंपाच्या जागी तापणारे एलिमेंट असते आणि फुग्याच्या जागी सेन्सर. एलिमेंट सुरू-बंद करण्याचा निर्णय बोर्ड, म्हणजे ओव्हनच्या आतले इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, घेतो, पण त्याला आतले तापमान केवळ सेन्सरमार्फत समजते.

बहुतेक डिजिटल ओव्हनांतला सेन्सर म्हणजे धातूच्या बारीक नळीत बसवलेला प्लॅटिनमचा अगदी छोटा तुकडा. धातू तापला की त्यातून वीज वाहण्याला होणारा अडथळा वाढतो. या अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहम या एककात मोजतात. प्लॅटिनमचा रोध तापमानाबरोबर इतक्या नियमितपणे वाढतो की रोध मोजला की तापमान हाती येते. विल्यम सीमेन्स यांनी १८७१ मध्ये ही कल्पना मांडली, आणि आज घरगुती केकसुद्धा तिच्यावरच भाजला जातो. सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराला पीटी १००० म्हणतात, कारण शून्य अंश सेल्सिअसला त्याचा रोध बरोबर १००० ओहम असतो. पुढे १०० अंशांना तो १३८५, १८० अंशांना सुमारे १६८५, २०० अंशांना सुमारे १७५९ आणि २५० अंशांना सुमारे १९४१ ओहम होतो. काही ओव्हनांत पीटी ५०० असतो. त्याचे सगळे आकडे याच्या निम्मे.

या आकड्यांमधून एक उपयोगी हिशेब निघतो. बेकिंगच्या तापमानात एका अंशामागे रोध सुमारे ३.७ ओहमने बदलतो. त्यामुळे तारेच्या एखाद्या गंजक्या जोडणीने वाटेत ७५ ओहमचा फुकटचा अडथळा निर्माण केला, तर बोर्डाला ओव्हन २० अंश जास्त तापल्यासारखा वाटतो, तो एलिमेंट लवकर बंद करतो आणि १८०च्या नावाखाली पदार्थ १६० अंशांवर भाजला जातो. दोष नेहमी असा उलटा दिसतो: सेन्सर जास्त सांगतो तेव्हा पदार्थ कच्चा राहतो, कमी सांगतो तेव्हा करपतो.

पूर्ण बिघडलेला सेन्सर ओळखणे त्यामानाने सोपे आहे. आतली तार तुटली की रोध अमर्याद होतो, दोन तारा एकमेकींना चिकटल्या की तो शून्यावर येतो. दोन्ही आकडे अशक्य असल्याचे बोर्डाला कळते आणि तो पडद्यावर एखादे दोषचिन्ह दाखवून काम थांबवतो. या चिन्हाचे अक्षर आणि अंक प्रत्येक कंपनीचे वेगळे असल्याने त्यासाठी ओव्हनबरोबर आलेली पुस्तिकाच पाहावी. त्रास देतो तो अर्धवट बिघडलेला सेन्सर. १६८५ ऐवजी १७६० ओहम सांगितले तर तो आकडा बोर्डाच्या दृष्टीने पूर्णपणे शक्य असतो. त्यात खोट आहे हे ओळखण्याचा दुसरा कोणताही मार्ग त्याच्याकडे नसतो. म्हणूनच असा ओव्हन महिनोन्‌महिने कोणतीही सूचना न देता चुकत राहतो.

आधी आपला ओव्हन कोणत्या जातीचा आहे ते पाहावे

वरचे सगळे विवेचन पडदा आणि बटणे असलेल्या विद्युत ओव्हनला लागू पडते. आपल्याकडे अनेक घरांत ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, असतो आणि त्याच्या साध्या नमुन्यांत तापमानासाठी फिरवायची खुंटी असते. अशा ओव्हनमध्ये बहुधा इलेक्ट्रॉनिक सेन्सर नसतोच. तिथे दोन धातूंची वाकणारी पट्टी किंवा द्रव भरलेली बारीक नळी तापमानाप्रमाणे संपर्क जोडते आणि तोडते. या यंत्रणेला थर्मोस्टॅट म्हणतात, तो बिघडला की पूर्ण बदलावा लागतो, आणि खालचे ओहमचे आकडे त्याला लागू होत नाहीत. काही छोट्या डिजिटल ओव्हनांत आणि एअर फ्रायरमध्ये प्लॅटिनमऐवजी थर्मिस्टर असतो. त्याचा रोध तापल्यावर वाढण्याऐवजी घटतो आणि खोलीच्या तापमानाला तो कित्येकदा १,००,००० ओहमच्या घरात असतो. रोध मोजणाऱ्या मल्टिमीटरवर असा मोठा आकडा पाहून सेन्सर तुटल्याचा निष्कर्ष काढणारे कारागीर आहेत, म्हणून हा भेद आधीच लक्षात ठेवलेला बरा.

दोन प्रकारच्या ओव्हनांचे आवरण घरी मुळीच उघडू नये. पहिला म्हणजे कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवा खेळवून भाजण्याची, सोय असलेला मायक्रोवेव्ह. त्याच्या आतला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या आसपासचा विद्युतभार साठवतो आणि प्लग काढल्यानंतरही तो जीव घेऊ शकतो. या बाबतीत ‘जरा जपून उघडले तर चालेल’ असा मधला मार्ग नाही. दुसरा म्हणजे गॅसवर चालणारा ओव्हन, कारण त्याच्या थर्मोस्टॅटशी गॅसची झडप जोडलेली असते.

काहीही न उघडता करायची तपासणी

ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तबकडीचा तापमापक मिळतो. मल्टिमीटरबरोबर येणाऱ्या, टोकाला मणी असलेल्या बारीक तारेनेही हे काम होते, मात्र तिचे वेष्टन ओव्हनची उष्णता सोसणारे आहे का हे आधी तपासावे. लांबून रोखायचा इन्फ्रारेड तापमापक इथे निरुपयोगी आहे. तो समोरच्या पृष्ठभागाचे तापमान सांगतो, आतल्या हवेचे सांगत नाही, आणि बंद दाराच्या काचेतून तर केवळ काचच मोजतो.

तापमापक मधल्या जाळीवर मध्यभागी ठेवून ओव्हन रिकामाच १८० अंशांवर लावावा आणि अर्धा तास दार न उघडता तापू द्यावा. त्यानंतर दर पाच मिनिटांनी काचेतून आकडा पाहून लिहून ठेवावा, कारण एकाच आकड्यावरून काहीही ठरत नाही. ओव्हनचे तापमान कधीच स्थिर नसते. एलिमेंट बंद झाल्यावर ते घसरते, सुरू झाल्यावर चढते, आणि ठरवलेल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा अंशांचा हा झोका निरोगी ओव्हनमध्येही असतो. अर्ध्या-पाऊण तासातल्या नोंदींची सरासरी १८०च्या आसपास असेल तर सेन्सरवर संशय घेण्याचे कारण नाही. हीच नोंद दुसऱ्या वेळी २०० किंवा २२० अंशांवर करावी. दोन्ही ठिकाणी साधारण सारखाच फरक येत असेल तर वाटेतल्या एखाद्या जोडणीत अधिकचा रोध असण्याची किंवा मुळातले समायोजनच हललेले असण्याची शक्यता जास्त. आकडे मध्येच उडी मारत असतील, किंवा दार जोरात लावल्यावर बदलत असतील, तर कुठेतरी संपर्क सैल आहे.

बेबिंका हा गोव्याचा थराथरांचा गोड पदार्थ करणाऱ्यांनी मात्र या तपासणीचा अर्थ थोड्या सावधपणे लावावा. बेबिंकेचा प्रत्येक थर वरच्या आचेवर भाजला जातो आणि पुढचा थर ओतण्यासाठी दार पुन्हा पुन्हा उघडावे लागते. पूर्वी ही वरची आच झाकणावर ठेवलेल्या निखाऱ्यांची असे, आता ती वरच्या एलिमेंटची असते. अशा वेळी सेन्सरपाशी एक तापमान, थराच्या पृष्ठभागावर दुसरे आणि भांड्याच्या तळाशी तिसरे असते. यातला कोणताही आकडा खोटा नसतो. थर एकसारखे भाजले जात नाहीत म्हणून सेन्सर बदलायला घेतल्यास पैसे वाया जाण्याचीच शक्यता अधिक.

मीटर सेन्सरला लावताना

आता सेन्सरपर्यंत पोहोचायचे. त्याआधी ओव्हन पूर्ण थंड झालेला असावा आणि प्लग भिंतीतून काढलेला असावा. भिंतीत बसवलेल्या ओव्हनला प्लग हाताशी नसतो, म्हणून मुख्य फलकावरचा त्याचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडावा आणि वीज खरोखर गेल्याची टेस्टरने खात्री करावी. ओव्हनच्या स्वतःच्या बटणाने केवळ पडदा विझतो, आतल्या तारा जिवंतच राहतात.

सेन्सर बहुधा आतल्या मागच्या भिंतीवर, वरच्या कोपऱ्यात, आत डोकावणाऱ्या बारीक धातूच्या कांडीच्या रूपात दिसतो आणि एक-दोन स्क्रूंनी धरलेला असतो. स्क्रू काढून कांडी हळूच पुढे ओढली की तिच्या मागची तार आणि तारेच्या टोकाचा जोड बाहेर येतो. काही ओव्हनांत हा जोड मागच्या पत्र्याआड असतो आणि तो पत्रा काढावा लागतो. जोड सोडवण्यापूर्वी ओव्हनकडच्या तारेला दोरा किंवा कपड्याचा चिमटा लावून ठेवावा, कारण ती तार भिंतीच्या छिद्रातून मागे घसरली तर पाच मिनिटांच्या कामासाठी अख्खा ओव्हन ओट्यातून बाहेर काढण्याची पाळी येते.

मीटर रोधाच्या, म्हणजे ओहमच्या, दोन हजारांच्या टप्प्यावर ठेवावा. त्याच्या दोन्ही कांड्या आधी एकमेकींना टेकवून आकडा शून्याजवळ येतो का ते पाहावे. येत नसेल तर मीटरची बॅटरी किंवा तारा सदोष आहेत आणि पुढचे मोजमाप व्यर्थ आहे. मग सेन्सरच्या दोन टोकांना कांड्या लावाव्यात, मात्र त्यांची धातूची टोके बोटांनी धरू नयेत, कारण घामेजलेल्या हातांतूनही थोडी वीज वाहते आणि आकडा काही ओहमने कमी दिसतो. गोव्यातल्या खोलीचे तापमान २८ अंश असेल तर पीटी १००० ने सुमारे ११०९ ओहम दाखवावेत आणि पीटी ५०० ने सुमारे ५५५. पाच-दहा ओहमचा फरक मीटरच्या स्वतःच्या चुकीत जमा होतो, त्यावरून सेन्सरला शिक्षा देऊ नये. आकडा शंभराने वेगळा असेल, मीटर कोणताच आकडा दाखवत नसेल किंवा तार हलवली की आकडा नाचत असेल, तर मात्र निदान झाले.

खोलीच्या तापमानाला बरोबर असलेला सेन्सर तापल्यावरही बरोबर असेलच असे नाही, आणि बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात. त्यावर फार सुंदर उपाय आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते, आणि पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को येथे राहणाऱ्यांना हा नेमका १०० अंशांचा आकडा चुलीवर फुकट मिळतो. चोर्ला घाटाच्या माथ्यावर तो दोन-अडीच अंशांनी कमी असेल एवढेच. खळखळ उकळत्या पाण्यात कांडीचे पुढचे टोक भांड्याच्या तळाला न टेकवता धरावे, तार आणि जोड वाफेपासून दूर कोरडे राहतील असे पाहावे, आणि मिनिटभराने मीटरवर १३८५च्या आसपास आकडा येतो का ते बघावे. त्यानंतर भरपूर ठेचलेला बर्फ आणि थोडे पाणी यांच्या मिश्रणात तेच टोक बुडवले की १००० आला पाहिजे. हे दोन्ही आकडे जुळले तर सेन्सर निर्दोष आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते, मग दुकानदार काहीही म्हणो.

आणखी एक मोजमाप राहते, ते सहसा कोणी करत नाही. मीटर सर्वांत वरच्या टप्प्यावर ठेवून एक कांडी सेन्सरच्या तारेला आणि दुसरी त्याच्या धातूच्या नळीला लावावी. या दोहोंत काहीच संबंध नसायला हवा, म्हणजे मीटरवर आकडा उमटता कामा नये. उमटला तर आतले वेष्टन दमले किंवा भिजले आहे असे समजावे.

खाऱ्या हवेचा हिशेब

किनाऱ्याजवळच्या घरांत सेन्सरपेक्षा त्याचा जोड अधिक वेळा बिघडतो, असे मला वाटते, आणि कारणेही उघड आहेत. जून ते सप्टेंबर हवा दमट असते, तिच्यात मीठ असते, आणि या काळात ओव्हन क्वचितच लावला जात असल्याने आतला ओलावा वाळवणारी उष्णता त्याला मिळत नाही. जोडातल्या पितळी किंवा कल्हई केलेल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर बसतो आणि वर हिशेब केलेला फुकटचा रोध तिथेच जन्माला येतो. सेन्सर निर्दोष, बोर्ड निर्दोष, आणि केक कच्चा.

ओलावा उलट दिशेनेही फसवतो. जोडाच्या दोन टोकांमध्ये ओल्या, खारट धुळीची साय जमली तर वीज सेन्सरला वळसा घालून तिथूनही थोडी वाहते आणि बोर्डाला दिसणारा एकूण रोध घटतो. ही गळतीची वाट ५०,००० ओहमची, म्हणजे तशी बरीच अरुंद असली, तरी १८० अंशांपाशी सुमारे १५ अंशांची चूक होते. बोर्डाला ओव्हन थंड वाटतो आणि तो तापवतच राहतो. ओव्हन तासभर चालला की साय वाळते आणि चूक नाहीशी होते. ‘पहिला ट्रे करपतो, दुसरा चांगला होतो’ अशी तक्रार असेल तर हे कारण आधी तपासावे.

उपाय स्वस्त आहे. जोड सोडवून त्याची टोके बारीक ब्रशने आणि विद्युत संपर्क साफ करण्याच्या फवाऱ्याने स्वच्छ करावीत, पूर्ण वाळू द्यावीत, सैल पट्ट्या चिमट्याने किंचित आवळाव्यात आणि जोड पुन्हा घट्ट बसवावा. फवारा ज्वलनशील असू शकतो, म्हणून तो उडून जाईपर्यंत ओव्हन लावू नये. मग वर सांगितलेल्या तापमापकाच्या नोंदी पुन्हा घ्याव्यात. अनेकदा गोष्ट इथेच संपते आणि नव्या सेन्सरचे पैसे वाचतात.

सेन्सर निर्दोष ठरला, तरी ओव्हन चुकतोच

मग दुसऱ्या संशयितांकडे वळावे. दाराच्या कडेचे रबर कडक झाले किंवा फाटले असेल तर पुढच्या बाजूने उष्णता निसटते; दारात कागदाची पट्टी अडकवून दार लावल्यावर ती सहज ओढली गेली तर तिथली पकड गेली आहे. खालचे किंवा वरचे एलिमेंट जळाले असेल तर ओव्हन दुसऱ्याच्या जोरावर कसाबसा तापतो. एलिमेंटही मीटरने मोजता येते: २३० व्होल्टवर चालणाऱ्या १५०० वॉटच्या एलिमेंटचा रोध सुमारे ३५ ओहम असतो, २००० वॉटच्याचा सुमारे २६. पंखा असलेल्या ओव्हनात तो पंखा फिरत नसेल तर एक कोपरा करपतो आणि दुसरा पांढरा राहतो.

विजेचा दाब हा आपल्याकडचा दुर्लक्षित संशयित आहे. दाब २३० वरून १९० व्होल्टवर घसरला तर एलिमेंटची उष्णता त्याच प्रमाणात कमी होत नाही, त्याहून बरीच अधिक घटते. ती जेमतेम ६८ टक्के उरते. संध्याकाळी सगळे पंप आणि एसी चालू असताना ओव्हन तापायला दीडपट वेळ घेतो आणि सकाळी नीट चालतो, असे असेल तर सेन्सरला हात लावू नये.

पावसाळ्यानंतर ओव्हन लावताच ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका, पडतो, हीही तक्रार अनेकदा सेन्सरच्या खात्यावर मांडली जाते. एलिमेंटच्या नळीत तारेभोवती जी भुकटी भरलेली असते ती हवेतला ओलावा शोषून घेते, आणि बरेच महिने न वापरलेल्या एलिमेंटमधून वीज आवरणाकडे झिरपू लागते. त्यासाठी ईएलसीबी काढून टाकण्याचा किंवा अर्थिंग नसलेल्या प्लगवर ओव्हन लावण्याचा सल्ला देणाऱ्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नये. एलिमेंट वाळवून किंवा बदलून घ्यावे, आणि ते काम इलेक्ट्रिशियनचे आहे.

एलिमेंट बंदच होत नाही आणि तापमान चढतच जाते, हा दोष यांहून गंभीर. बोर्डावरचा रिले, म्हणजे बोर्डाच्या आज्ञेने एलिमेंटची वीज जोडणारा आणि तोडणारा छोटा स्विच, आतून चिकटला की असे होते. बऱ्याच ओव्हनांत अशा प्रसंगासाठी वेगळा सुरक्षा-कटआउट असतो, पण त्याच्या भरवशावर प्रयोग करत बसू नये. वीज तोडावी आणि तंत्रज्ञाला बोलवावे.

बदलण्याचे काम

निदान पक्के झाले असेल तर प्रत्यक्ष बदल हा या प्रकरणातला सर्वांत लहान भाग आहे. नवा सेन्सर घेताना ओव्हनच्या दाराच्या चौकटीवर किंवा मागे लावलेल्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक लिहून न्यावा आणि जुना सेन्सरही बरोबर न्यावा. कांडीची लांबी, स्क्रूंच्या छिद्रांमधले अंतर आणि जोडाचा आकार जुळला पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रकार जुळला पाहिजे. पीटी १००० च्या जागी पीटी ५०० दिसायला तंतोतंत बसतो, पण बोर्डाला तो अशक्य थंडी असल्याचे सांगेल. दुकानातच मीटर लावून खोलीच्या तापमानाचा आकडा पाहून घेणे हा खात्रीचा मार्ग आहे.

बसवताना दोन तारांपैकी कोणती कुठे हा प्रश्न येत नाही, या सेन्सरला दिशा नसते. भिंतीच्या छिद्रातून तार मागे सारताना बाहेर आलेली काचलोकर, म्हणजे उष्णता अडवणारे काचतंतूंचे अस्तर, पुन्हा जागेवर ढकलावी. तिचे तंतू त्वचेत आणि श्वासात जातात, म्हणून हातमोजे आणि नाकावर फडके असावे. तार एलिमेंटच्या टोकांपासून आणि पत्र्याच्या धारेपासून दूर राहील असे पाहावे. नव्या सेन्सरचा जोड वेगळा असल्यामुळे तारा कापून जोडण्याची वेळ आलीच तर उष्णता सोसणारा चिनी मातीचा कनेक्टर वापरावा. नेहमीची प्लास्टिकची टेप तिथे वितळते, आणि कथिल-शिशाचा सर्वसाधारण डाग, म्हणजे सोल्डर, १८३ अंशांना पातळ होतो, म्हणजे केकच्या तापमानाच्या अगदी शेजारी.

सगळे स्क्रू बसल्यानंतरच वीज द्यावी आणि ओव्हन एकदा रिकामा तापवावा. पहिल्या वेळी थोडा वास येतो, तो खिडकी उघडली की जातो. मग पुन्हा तापमापकाच्या नोंदी. सरासरीत पाच-सात अंशांचा फरक उरला तर अनेक डिजिटल ओव्हनांत तो आकड्याने भरून काढण्याची सोय असते आणि ती कशी वापरायची हे पुस्तिकेत दिलेले असते. जुन्या, चुकणाऱ्या सेन्सरची भरपाई म्हणून कोणी पूर्वी हीच सोय वापरून ठेवली असेल, तर नवा सेन्सर बसवल्यावर ती आधी शून्यावर आणावी, नाहीतर नवा सेन्सरही पहिल्या दिवसापासून खोटा ठरेल.

हे सगळे स्वतः करायचेच कशाला

प्रश्न रास्त आहे. ज्यांना स्क्रू काढायलाही धास्ती वाटते त्यांनी ओव्हन उघडू नये. त्यात कमीपणा काही नाही. पण तापमापकाच्या नोंदी घेणे हे कोणालाही करता येण्यासारखे काम आहे, आणि त्या नोंदींचा कागद हाती असला की तंत्रज्ञाशी होणारे बोलणे बदलते. ‘ओव्हन बरोबर नाही’ या तक्रारीवर तो अंदाजाने एकेक भाग बदलत जाईल. ‘१८० ला सरासरी १५८ येते, २०० ला १७८ येते’ असे सांगितल्यावर त्याला सेन्सरचा जोड आधी पाहावाच लागेल. त्याने सेन्सर बदलायचा म्हटले तर जुन्याचा रोध आपल्यासमोर मोजून दाखवायला सांगावे. जो कारागीर हे आनंदाने करतो त्याचा नंबर जपून ठेवावा.

वॉरंटी शिल्लक असलेला ओव्हन मात्र कधीही स्वतः उघडू नये, कारण मग पुढच्या कोणत्याही दोषाचे खापर त्या उघडण्यावर फोडता येते. वॉरंटी संपलेल्या ओव्हनची अडचण वेगळी असते: सुटा भाग मिळत नाही, नवा ओव्हनच घ्या असे सांगितले जाते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात सहभागी झालेल्या कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका, सुटे भाग आणि वॉरंटी यांची माहिती एकत्र पाहता येते, आणि ग्राहकोपयोगी टिकाऊ वस्तू हे त्यातले एक क्षेत्र आहे. वस्तू वॉरंटीत असूनही टाळाटाळ होत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथे बोलतानाही मॉडेल क्रमांक, खरेदीची पावती आणि तापमानाच्या तारखेनिशी केलेल्या नोंदी समोर असू द्याव्यात.